ब्लॉगसाठी एआयकडून कोड लिहून घेताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

एआयकडून कोड लिहून घेऊन स्वतःच्या ब्लॉगची मांडणी बदलणे आणि त्यावरची रोजची कामे आपोआप करून घेणे, या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. ज्यांची पत्रे येथे घेतली आहेत ते सर्व मुंबईतील असून त्यांच्यापैकी कोणाचाही व्यवसाय प्रोग्रामिंगचा नाही. त्यामुळे कोड वाचता येत नाही, पण अनेक वर्षे जपलेल्या लेखनाची काळजी आहे, अशा वाचकाला समोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : स. न. वि. वि. मी निवृत्त शिक्षिका असून माझा वर्डप्रेसवर ब्लॉग आहे. प्रत्येक लेखाखाली ‘वाचण्यास लागणारा वेळ’ आणि त्याच विषयावरील आणखी तीन लेखांचे उतारे दिसावेत, यासाठी मी एआयकडून कोड घेतला. तो ‘फंक्शन्स डॉट पीएचपी’ या फाइलच्या शेवटी घालण्याची सूचना होती. भाच्याने होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून तो घालताच संपूर्ण ब्लॉग बंद पडला. पुढे तो सुरू झाला, परंतु आता प्रत्येक लेखाखाली ‘० मिनिटे’ असे दिसते आणि उताऱ्यांच्या शेवटी चौकटीत प्रश्नचिन्ह येते. नेमके काय चुकले असावे? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिली कोड कोठे ठेवला याची आहे आणि दुसरी तो कोणत्या भाषेचा विचार करून लिहिला गेला याची.

फंक्शन्स डॉट पीएचपी ही फाइल आपल्या थीमच्या, म्हणजे ब्लॉगचे रूप ठरवणाऱ्या साच्याच्या, मालकीची असते. थीमची नवी आवृत्ती आली की ती फाइल बदलली जाते आणि आपण घातलेला कोड नाहीसा होतो. शिवाय पीएचपीमध्ये, म्हणजे वर्डप्रेसचा कोड ज्या भाषेत लिहितात तिच्यात, एखादा अर्धविराम किंवा कंस राहिला, तर ती एक ओळ वगळून बाकीचे संकेतस्थळ चालू राहील असे होत नाही, सगळेच थांबते. वर्डप्रेसच्या आतील संपादकातून फाइल बदलली असती, तर अशी चूक बहुधा तेथेच अडवली गेली असती, पण होस्टिंगच्या फाइल मॅनेजरला ती समजत नाही. २०१९ मधील ५.२ या आवृत्तीपासून वर्डप्रेस अशा प्रसंगी व्यवस्थापकाच्या ईमेलवर एक दुवा पाठवते आणि त्या दुव्यावरून आत गेल्यास बिघडलेला भाग बाजूला ठेवून काम करता येते. आपल्या नोंदणीत जुना, बंद पडलेला ईमेल पत्ता तर नाही ना, हे आजच पाहून ठेवावे. ही सोय असूनही अनेकांच्या हाती लागत नाही, त्याचे कारण बहुतेक वेळा तेच असते.

यापुढे कोड मागताना ‘हे काम स्वतंत्र, लहान प्लगइन म्हणून लिहून द्यावे’ असे स्पष्ट सांगावे. प्लगइन म्हणजे वेगळ्या फोल्डरमधील एक फाइल, जिच्या आरंभी त्याचे नाव सांगणारी टीप असते. ते चालू-बंद करण्यासाठी वर्डप्रेसच्या पडद्यावर बटण असते, आणि सगळेच अडकले तर फाइल मॅनेजरमधून त्या फोल्डरचे नाव बदलले की तेवढा कोड निष्क्रिय होऊन ब्लॉग पुन्हा उघडतो. एका प्लगइनमध्ये एकच काम ठेवावे. वेळ मोजणारा कोड आणि संबंधित लेख दाखवणारा कोड एकत्र घेतल्यामुळे एक बिघडला की दुसराही काढावा लागतो. केवळ रंग, अक्षरांचा आकार किंवा समास बदलायचे असतील, तर पीएचपीला हातही लावू नये. त्यासाठी असलेल्या ‘अतिरिक्त सीएसएस’ या जागेत लिहिलेला मजकूर चुकला, तरी पान फार तर विद्रूप दिसते, बंद पडत नाही.

आता शून्य मिनिटांविषयी. पीएचपीमध्ये शब्द मोजणारे एक तयार फंक्शन आहे आणि एआय बहुधा तेच वापरते, कारण त्याने पाहिलेली बहुसंख्य उदाहरणे इंग्रजीतील आहेत. हे फंक्शन रोमन अक्षरांनाच अक्षर मानते, त्यामुळे दोन हजार शब्दांच्या मराठी लेखातही त्याला एकही शब्द सापडत नाही. शब्द रिकाम्या जागांवरून तोडून मोजावेत, आणि ते करताना मजकूर युनिकोड (सर्व लिपींच्या चिन्हांना क्रमांक देणारी समान पद्धत) आहे हे कोडमध्ये नमूद असावे, एवढी सूचना दिली की हा दोष जातो. अशा कोडमध्ये मिनिटाला २०० किंवा त्याच्या आसपासचा जो आकडा धरलेला असतो, तोही इंग्रजी वाचनावरून घेतलेला असतो. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात, म्हणून ‘घरासमोरच्या’ हा एकच शब्द मोजला जातो आणि मिनिटाला वाचल्या जाणाऱ्या शब्दांची संख्या कमी भरते. आपलाच एखादा लेख घड्याळ लावून वाचावा आणि येईल तो आकडा कोडमध्ये घालावा. शिक्षिकेला हे काम अवघड जाणार नाही.

प्रश्नचिन्हाचे मूळही त्याच जातीचे आहे. युनिकोड मजकूर साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट (संगणकातील साठवणुकीचे लहान एकक) घेते. उतारा बाइट मोजून तोडला की शेवटचे चिन्ह मध्येच कापले जाते आणि ब्राउझर त्याच्या जागी प्रश्नचिन्ह दाखवतो. हे दाखवून दिल्यावर एआय बाइटऐवजी चिन्हे मोजणारे फंक्शन सुचवते. त्याने प्रश्नचिन्ह जाते खरे, परंतु काना, मात्रा आणि हलन्त ही स्वतंत्र चिन्हे असल्याने ‘किल्ल्यावर’ हा शब्द ‘किल्ल्’ असा लोंबकळत राहू शकतो. उतारा पूर्ण शब्दावरच थांबवावा, असे सांगणे सर्वांत सोपे. मराठी ब्लॉगसाठी घेतलेला कोणताही कोड तपासताना जोडाक्षरे, अनुस्वार आणि ‘ॲ’ असलेला एक परिच्छेद जवळ ठेवावा आणि तो प्रत्येक वेळी वापरून पाहावा, असे मी आवर्जून सुचवीन.

प्रश्न : माझा ब्लॉगरवरील ब्लॉग बराच जुना आहे. विषयांची लेबले वर्णानुक्रमाने लावण्यासाठी एआयकडून कोड घेतला. क्रम बऱ्याच अंशी ठीक आहे, पण ‘ॲप’ हे लेबल दोनदा दिसते, एकदा अगदी वर आणि एकदा ‘हवामान’च्याही खाली. ब्लॉगरवर असे बदल करणे सुरक्षित आहे का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : ब्लॉगर ही सेवा १९९९ मध्ये सुरू झाली आणि २००३ पासून गूगलकडे आहे. तिच्यात सर्व्हरवर चालणारा कोड आपल्याला लिहिताच येत नाही, म्हणून वर्डप्रेसमध्ये होतो तसा संपूर्ण अपघात येथे होत नाही. थीमची फाइल एक्सएमएल स्वरूपात असते आणि एखादा टॅग उघडा राहिला तर ती जतन होण्यासच नकार देते. तरीही बदल करण्यापूर्वी थीमचा बॅकअप उतरवून घ्यावा, आणि शक्य असेल तेथे थीमला हात न लावता एचटीएमएल-जावास्क्रिप्टचे गॅजेट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा कोड ठेवण्याची वेगळी चौकट, जोडून काम भागवावे. गॅजेट काढले की कोडही गेला.

दोन ‘ॲप’ दिसतात, कारण ती संगणकाच्या दृष्टीने खरोखरच दोन आहेत. ‘ॲ’ हे एकसंध चिन्ह म्हणूनही टंकता येते, आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. दिसायला फरक नसला तरी त्यांचे क्रमांक वेगळे असतात, आणि एकसंध ‘ॲ’चा युनिकोड क्रमांक ‘ह’च्याही पुढचा आहे. जावास्क्रिप्टची साधी क्रमवारी क्रमांकांवर चालते, म्हणून एक लेबल वर गेले आणि दुसरे तळाला. त्याच कारणाने ‘काळ’ हा शब्द ‘काव्य’च्या आधी येतो, जरी आपल्या वर्णमालेत ‘ळ’ला ‘ह’नंतरचे स्थान असले तरी. क्रमवारीसाठी मराठी भाषेचे नियम वापरावेत, असे एआयला सांगितल्यास तो योग्य फंक्शन देतो. पण दोन्ही ‘ॲ’ त्याने एक होत नाहीत. युनिकोडचे जे प्रमाणीकरण एरवी अशा जोड्या जुळवते, ते या जोडीला लागू पडत नाही. लेबलांतच एक रूप ठरवून दुसरे बदलणे हा कायमचा उपाय आहे. शोधपेटीत वाचक कोणते रूप टंकतील हे आपल्या हातात नसल्याने, शोधाच्या कोडमध्ये मात्र एका रूपाचे दुसऱ्यात रूपांतर करणारी ओळ घालावी लागेल.

प्रश्न : आमच्या वाचक मंडळाने काढलेल्या दिवाळी अंकांतील सुमारे तीनशे लेख जुन्या टंकांमध्ये (फाँटमध्ये) टाइप केलेले आहेत. ते युनिकोडमध्ये आणून एआयच्या कोडने एकदम ब्लॉगवर चढवण्याचा विचार आहे. काही जण म्हणतात की रूपांतरही एआयलाच करू द्यावे. आपले मत काय? (मंडळाचे एक सदस्य, दादर)

उत्तर : रूपांतर एआयला करू देऊ नये, रूपांतर करणारा कोड त्याच्याकडून लिहून घ्यावा. या दोहोंतील अंतर आपल्या कामात फार महत्त्वाचे आहे.

श्री-लिपीसारख्या जुन्या व्यवस्थेत टाइप केलेल्या फाइलमध्ये देवनागरी अक्षरे नसतात. विशिष्ट टंक लावल्यावर देवनागरीसारखी दिसणारी चिन्हे असतात. कोणत्या चिन्हाच्या जागी कोणते युनिकोड अक्षर घालायचे याचा तक्ता ठरावीक असतो, आणि ऱ्हस्व वेलांटी किंवा रफार यांची जागा बदलण्याचे नियमही ठरावीक असतात. असे काम साधी स्क्रिप्ट (एक लहान प्रोग्राम) प्रत्येक लेखात अगदी एकसारखे करते. ती चुकली तर सर्वत्र तीच चूक करते, त्यामुळे चूक सापडते आणि एकदाच दुरुस्त करावी लागते. भाषेचे मॉडेल, म्हणजे स्वतः एआय, मात्र मजकूर वाचून पुढचा संभाव्य शब्द लिहीत असते. मालवणी संवादातील ‘खंय’चे त्याने ‘कुठे’ केले, किंवा १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या लेखातील ‘गांवांत’चे ‘गावात’ केले, तर वाचणाऱ्याला ते खटकणारही नाही, आणि नेमके म्हणूनच ते धोक्याचे आहे. जुन्या लेखकाच्या मजकुरात असा गुळगुळीत बदल कोणाच्या लक्षात न येता राहून जाणे, यापेक्षा दिसणारी अशुद्धे मी केव्हाही पत्करीन. टंकांचे तक्ते निर्मात्यागणिक वेगळे असतात. एआयने आठवणीतून दिलेल्या तक्त्यावर विसंबू नये. मूळ छापील पानाशी ताडून पाहिलेला एक लेख नमुना म्हणून घ्यावा आणि तक्ता त्यावरून पक्का करावा.

लेख चढवण्याचे काम वर्डप्रेसमध्ये सुकर आहे. बाहेरच्या प्रोग्रामने लेख पाठवण्याची सध्याची सोय २०१६ च्या डिसेंबरपासून त्याच्या गाभ्यातच आहे, आणि २०२० पासून अशा प्रोग्रामसाठी स्वतंत्र ‘ॲप्लिकेशन पासवर्ड’ काढता येतो, जो मुख्य पासवर्डला धक्का न लावता केव्हाही रद्द करता येतो. मंडळाच्या व्यवस्थापकाचे खाते या कामासाठी देऊ नये. ‘कॉन्ट्रिब्यूटर’ या दर्जाचे एक नवे खाते उघडावे. त्या दर्जाला मसुदे लिहिता येतात, पण प्रकाशित करता येत नाहीत. स्क्रिप्टमध्ये काहीही चुकले, तरी तीनशे अर्धवट लेख एका रात्रीत वाचकांसमोर जाणार नाहीत, याची हमी कोडच्या चांगुलपणावर न राहता परवानगीवर राहते. या दर्जाला छायाचित्रे चढवता येत नाहीत, म्हणून चित्रे असलेले लेख सदस्यांनी हाताने पुरे करावेत.

दोन गोष्टी स्क्रिप्ट लिहून घेतानाच सांगाव्यात. चढवलेल्या प्रत्येक लेखाची नोंद एका फाइलमध्ये ठेवावी आणि नोंद असलेला लेख पुन्हा पाठवू नये. कारण इंटरनेट मध्येच तुटते, स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली जाते आणि पहिले शंभर लेख दोनदा चढतात. दोन लेखांमध्ये काही सेकंदांचे अंतरही ठेवावे, म्हणजे स्वस्त, सामायिक होस्टिंगवर ताण येणार नाही.

लेखांच्या पत्त्यांविषयी आधीच निर्णय घ्यावा लागेल. वर्डप्रेस शीर्षकावरून लेखाचा पत्ता तयार करते आणि त्याला २०० वर्णांची मर्यादा आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह पत्त्यात टक्क्याच्या खुणांसह नऊ वर्ण व्यापते, म्हणजे जेमतेम २२ चिन्हे मावतात, आणि त्यांत काना, मात्रा, हलन्त यांचीही गणती होते. ‘महाराष्ट्रातील किल्ले’ या दोन शब्दांनीच १८१ वर्ण संपतात; त्यापुढचा ‘आणि’सुद्धा पुरता मावत नाही. एकाच शब्दांनी आरंभ होणारे पाचसहा लेख असतील, तर त्यांचे पत्ते तेथेच तुटून शेवटी दोन, तीन असे आकडे लागलेले, एकसारखे होतील. अंकाचे वर्ष आणि लेखाचा अनुक्रमांक यांवरून लहान पत्ता तयार करावा, अशी सूचना द्यावी. वाचकाला त्यातून काही कळत नाही हे खरे, पण तो निदान व्हॉट्सॲपवर पाठवता येतो.

लेखकांच्या अनुमतीचा प्रश्न आपण विचारलेला नाही, तरी तो टाळता येणार नाही. दिवाळी अंकात छापण्यास दिलेली संमती ऑनलाइन प्रकाशनालाही लागू होते, असे गृहीत धरू नये. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे टिकतो. ज्यांच्याशी संपर्क होईल त्यांचे लेख आधी घ्यावेत. बाकीचे मसुद्यांतच राहू द्यावेत.

प्रश्न : पावसाळ्यात माझ्या ब्लॉगवर दररोज सकाळी सहाला भरतीच्या वेळा आणि हवामानाचा सारांश आपोआप प्रसिद्ध व्हावा, असे मला वाटते. सारांश एआय लिहील आणि मी तोपर्यंत लोकलमध्ये असेन. सणांच्या दिवशी शुभेच्छाही आपोआप जाव्यात. कोड मिळाला आहे, पण लेख कधी साडेअकराला येतो, कधी येतच नाही. (एक वाचक, चेंबूर)

उत्तर : वेळेचे कोडे सोपे आहे. आपण कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवण्याच्या आणि चालवण्याच्या संकेतस्थळावर, वेळापत्रकाने चालवत असल्याचे पत्राच्या उरलेल्या भागावरून दिसते. तेथील घड्याळ जागतिक प्रमाणवेळेचे असते आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. एआयने वेळापत्रकात सहा लिहिले, म्हणून मुंबईत साडेअकरा वाजतात. सकाळी सहा हवे असतील तर तेथे रात्रीचे साडेबारा, म्हणजे शून्य तास तीस मिनिटे असे लिहावे लागेल. आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळे पुढे-मागे करण्याची प्रथा नसल्याने हा हिशेब एकदा जमला की वर्षभर टिकतो. गर्दीच्या वेळी तेथील कामे उशिरा सुरू होतात, आणि सार्वजनिक कोडसंचात ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही तर वेळापत्रक आपोआप बंद केले जाते. पावसाळ्यापुरत्या चालणाऱ्या ब्लॉगला ही दुसरी अट नक्की आडवी येणार. वर्डप्रेसचे स्वतःचे वेळापत्रक वापरण्याचा सल्लाही आपल्याला मिळेल, पण ते घड्याळावर चालत नाही. कोणीतरी पान उघडले की राहिलेली कामे उरकली जातात. पहाटे वाचक नसलेल्या ब्लॉगवर सहाचे काम साडेसातच्या पहिल्या वाचकापर्यंत थांबून राहते. होस्टिंगच्या नियंत्रण-पडद्यावर क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करण्याची, सोय असेल, तर तीच घ्यावी.

सारांशाच्या बाबतीत मात्र मी आपल्याशी सहमत नाही. मोठ्या पावसाच्या वेळी समुद्राला उधाण असले की पर्जन्यवाहिन्यांतील पाणी समुद्रात उतरत नाही आणि सखल भाग तुंबतात, म्हणून पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी मुंबईत आधीच जाहीर केली जाते. अशा मजकुरात भरतीची वेळ बारा तासांनी चुकली किंवा ‘४.०८’चे ‘४.८’ झाले, तर तो शुद्धलेखनाचा दोष राहत नाही. कोणी तरी त्यावरून घराबाहेर पडायचे की नाही हे ठरवीत असते. आकडे अधिकृत तक्त्यातून कोडने जसेच्या तसे उचलावेत, आणि ते उचलण्यास त्या स्रोताची परवानगी आहे का हेही पाहावे. वाक्ये आधी लिहून ठेवलेल्या साच्यातील असावीत. स्रोत उघडला नाही तर त्या दिवशी लेख तयारच होऊ नये, आणि आपल्याला ईमेल यावा. एआयने लिहून दिलेले बरेच कोड अशा वेळी कालचाच आकडा किंवा शून्य घालून पुढे जातात, कारण ‘चूक आल्यास काय करावे’ हे कोणी सांगितलेलेच नसते. आपण ते सांगावे.

आकड्यांखेरीज एआयने लिहिलेला परिच्छेद हवाच असेल, तर तो मसुद्यात थांबावा. लोकलमध्ये उभे राहूनही वर्डप्रेसच्या मोबाइल ॲपवर मसुदा वाचून प्रकाशित करता येतो. चेंबूर ते वडाळा एवढा वेळ त्याला पुरतो. न वाचता मोठ्या प्रमाणावर पाडलेल्या मजकुराला गूगलने मार्च २०२४ पासून आपल्या शोधाच्या धोरणात स्पष्टपणे स्पॅम ठरवले आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

सणांचे म्हणाल, तर जावास्क्रिप्टमध्ये ‘इंडियन’ नावाचे कॅलेंडर आहे आणि एआय ते मोठ्या आत्मविश्वासाने सुचवते. ते १९५७ मध्ये स्वीकारलेले भारतीय राष्ट्रीय शक कॅलेंडर होय. ते सौर आहे. त्यातील चैत्र १ हा दिवस २२ मार्चला, लीप वर्षात २१ मार्चला येतो. आपला गुढीपाडवा तिथीवर चालतो आणि २०२५ मध्ये तो ३० मार्चला होता. त्या कोडने शुभेच्छा आठ दिवस आधी गेल्या असत्या. दरवर्षी पंचांगातून पंधरा-वीस तारखा एका गूगल शीटमध्ये भराव्यात आणि कोडला त्या वाचू द्याव्यात. यात हुशारी काहीच नाही, पण चूकही होत नाही.

प्रश्न : लेखांचा सारांश देणारे बटण ब्लॉगवर ठेवण्यासाठी मी एआय सेवेची ‘की’ (सेवा वापरण्यासाठी मिळणारा गुप्त संकेत) विकत घेतली आणि एआयनेच दिलेल्या जावास्क्रिप्टमध्ये ती लिहिली. मित्र म्हणतो की ती कोणालाही दिसते. शिवाय संपर्काचा फॉर्मही एआयकडून करून घेतला आहे. (एक विद्यार्थी, माटुंगा)

उत्तर : मित्र बरोबर सांगतो. ब्राउझरमध्ये चालणारा सगळा कोड वाचकाच्या संगणकावर उतरतो, त्यामुळे त्यातील की पानाचा स्रोत उघडून कोणीही वाचू शकतो आणि तिचा वापर झाला की बिल आपल्याला येते. ती की प्रथम सेवेच्या पानावर जाऊन रद्द करावी; कोडमधून पुसणे नंतर. कोड गिटहबवर उघडा ठेवला असेल, तर पुसलेली ओळ जुन्या आवृत्त्यांत शिल्लक राहते. नवी की सर्व्हरवर, वर्डप्रेसमध्ये उदाहरणार्थ ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ फाइलमध्ये ठेवावी आणि बटणाने आपल्या सर्व्हरला विचारावे. सेवेच्या खात्यात मासिक खर्चाची मर्यादा घालता येत असेल तर तीही घालावी. वास्तविक सारांश प्रत्येक वाचकासाठी नव्याने तयार करण्याचे कारणच नाही. लेख प्रकाशित करताना एकदा करून, वाचून, लेखासोबत जतन केला तर कीचा प्रश्न आणि खर्च दोन्ही मिटतात.

फॉर्मविषयी माझे मत कडक आहे: तो एआयकडून करून घेऊ नये. बाहेरच्या माणसाने टंकलेला मजकूर आपल्या डेटाबेसपर्यंत नेणारा कोड ही हल्ल्याची सर्वांत जुनी वाट आहे. येणारा मजकूर स्वच्छ करणे, दाखवताना त्यातील कोड निष्प्रभ करणे, फॉर्म आपल्याच पानावरून आला याची खूण तपासणे, डेटाबेसला प्रश्न सुरक्षित पद्धतीने विचारणे, यांपैकी एक पायरी गळली तरी फॉर्म दिसायला अगदी व्यवस्थित चालतो. बहुसंख्य लोक वापरतात असे, नियमित अद्ययावत होणारे फॉर्मचे प्लगइन घ्यावे, आणि नाव व ईमेल यांपलीकडे काही विचारू नये. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे, आणि मागितलीच नाही ती माहिती सांभाळावीही लागत नाही.

आणखी एक. एआयने सांगितलेले पॅकेज, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोडचा संच, डोळे झाकून बसवू नये. कधी कधी ते नावच त्याने कल्पिलेले असते, आणि अशी वारंवार सुचवली जाणारी खोटी नावे हेरून त्या नावाने घातक पॅकेज नोंदवून ठेवणारे लोक आहेत.

प्रश्न : माझ्या पाककृतींच्या वर्डप्रेसवरील ब्लॉगसाठी चार कामे करून हवी आहेत. चॅटजीपीटी, क्लॉड आणि जेमिनी यांपैकी कोणाकडून कोड घ्यावा? मी सांगते एक आणि तो देतो दुसरेच. मग दुरुस्त्यांवर दुरुस्त्या होत जातात. (एक गृहिणी, परळ)

उत्तर : आपल्या कामाच्या आकाराचा कोड तिन्ही देतात, निवडीत वेळ घालवू नये. मात्र मागण्यापूर्वी ती सोय ब्लॉगमध्ये आधीच आहे का, हे पाहावे. आपण पत्रात दिलेल्या चार कामांपैकी दोन, म्हणजे ठरावीक वेळी लेख प्रसिद्ध करणे आणि प्रत्येक लेखाला तोच ठरलेला साचा वापरणे, यांसाठी वर्डप्रेसमध्ये कोडची गरजच नाही.

उरलेल्या कामांसाठी आवृत्ती, थीमचे नाव आणि आलेल्या चुकीचा संदेश अक्षरशः द्यावा. ‘चालत नाही’ एवढ्यावरून तो अंदाज बांधतो. दोन-तीन दुरुस्त्यांनंतरही दोष राहिला, तर ते संभाषण सोडून द्यावे. जुने चुकीचे प्रयत्न समोर असताना तो त्यांचीच डागडुजी करीत राहतो. नव्या संभाषणात मूळ कोड आणि दोष एवढेच दिल्यावर पुष्कळदा वेगळी वाट सापडते. मराठीत मागितले तरी चालते. आपल्या पाककृतींच्या ब्लॉगसाठी मागणी साधारण अशी लिहिता येईल :

‘माझा ब्लॉग वर्डप्रेसवर असून आवृत्ती आणि थीमचे नाव पुढे दिले आहे. मजकूर मराठीत, युनिकोड देवनागरीत आहे. “साहित्य” या उपशीर्षकाखालील यादी प्रत्येक पाककृतीत चौकटीत दिसावी, असे स्वतंत्र प्लगइन लिहून द्यावे. ते डेटाबेसमधील मूळ लेख बदलणार नाही, फक्त दाखवताना चौकट घालील. ज्या लेखात “साहित्य” हे उपशीर्षक नाही, तो लेख जसाच्या तसा दिसावा. बाहेरचे कोणतेही पॅकेज वापरू नये. कोड देण्यापूर्वी काही विचारायचे असल्यास विचारावे, आणि कोड दिल्यावर प्रत्येक भाग काय करतो व तो काढायचा झाल्यास काय करावे, हे मराठीत सांगावे.’